आईच्या उशाशी काय वाचावं?

नगरकर_सॅम | सोमवार, रात्री ११.४०

सलाम मंडळी. आजवर इथे फक्त वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय.

आई ६९ वर्षांची, निवृत्त शिक्षिका. मार्चमध्ये अंडाशयाचा कॅन्सर निघाला, तिसऱ्या टप्प्यातला. ऑपरेशन झालं. आता दर २१ दिवसांनी केमो आहे, तीन झाल्या, तीन राहिल्या. आमच्याकडे रात्रीची घरची प्रार्थना कधी चुकली नाही. वाचन नेहमी आईचंच असायचं. आता अक्षरं नाचतात म्हणते, म्हणून पवित्र शास्त्र माझ्या हातात आलं.

सुरुवातीला रोज २३वं स्तोत्र वाचत होतो. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे." चौथ्या दिवशी म्हणाली, "सॅम, मला हिरवं कुरण आत्ता दिसत नाही रे. दुसरं काही वाच." मी पानं चाळत बसलो. ती म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी काढ." वाचलं. तुमच्यापैकी ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे, त्या स्तोत्राला शेवटीसुद्धा उजेड नाही. मित्र, सोबती सगळे दूर केलेस, आता अंधारच माझ्या ओळखीचा, असं म्हणून ते संपतं. वाचताना माझा आवाज गेला. आई मात्र डोळे मिटून शांत पडून होती आणि त्या रात्री खूप दिवसांनी चार तास सलग झोपली.

दुसरी गोष्ट भेटायला येणाऱ्यांची. एका बाईंनी विचारलं, "पापकबुली पूर्ण झालीय ना?" एक भाऊ म्हणाले, विश्वास पूर्ण असेल तर गाठ राहतच नाही. आई काही बोलली नाही. ते गेल्यावर म्हणाली, "ईयोबाचे मित्र निदान पहिले सात दिवस गप्प बसले होते." शास्त्रातला ईयोब सगळं गमावून बसला, तेव्हा त्याचं सांत्वन करायला आलेले ते मित्र.

तर प्रश्न असा आहे. तुमच्या घरात मोठं आजारपण आलं तेव्हा काय वाचलंत? कशाने धीर आला? आणि कशाने उलट दुखलं, तेही सांगा.

रूथ_जालना | रात्री ११.५८

आईंसाठी प्रार्थना करते. मत्तय ११:२८. "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो." माझ्या सासूबाईंना एवढंच पुरायचं, पुढचं वाचावं लागायचं नाही.

मिरजेची_सिस्टर | मंगळवार, पहाटे ५.१५

नाईट ड्युटी संपवून लिहितेय.

सॅम, ३१ वर्षं नर्सिंगमध्ये आहे. आमच्या मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली दवाखाना सुरू केला, तेव्हापासून आमच्या समाजातल्या कितीतरी घरांत एक तरी नर्स आहे. माझी आजी होती, आई होती, मी तिसरी. तेव्हा जे सांगते ते पुस्तकातलं नाही, खाटेजवळ उभं राहून कळलेलं आहे.

एक, लांब वाचू नकोस. केमोनंतरच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत माणसाचं चित्त एका ओळीपलीकडे टिकत नाही. एक वचन वाच, थांब. त्यांनी हात हलवला तर पुढचं.

दोन, आधी विचार. "वाचू का?" एवढंच. रुग्णाला काही ठरवायला मिळत नाही. सुई कुठे टोचायची, जेवण कधी, उठायचं कधी, सगळं दुसरे ठरवतात. काय ऐकायचं एवढं तरी त्यांच्या हातात राहू दे. तुझ्या आईने ८८ मागितलं आणि तू ते वाचलंस, हे फार चांगलं केलंस. बरेच नातेवाईक घाबरतात, "असलं नको, छानसं काहीतरी" म्हणून पान उलटतात.

तीन, पहाटे तीन ते पाच ही वेळ सगळ्यात वाईट. वॉर्डात बेल तेव्हाच वाजतात. औषध नको असतं, कुणीतरी हवं असतं. त्या वेळेला स्तोत्र १३० म्हणते मी. पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचा उल्लेख आहे त्यात. रात्रपाळी केलेल्या माणसाला ते वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

आणि शास्त्राबाहेरचं एक. तोंडाला लोखंडासारखी चव येत असेल तर स्टीलचा चमचा बंद कर, प्लास्टिकचा वापर. लिंबाची फोड नुसती हुंगायला दे.

आशिष_प | सकाळी ८.०२

लिंबाचं अगदी बरोबर. माझ्या बाबांना मदत झाली होती.

पण मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग नसावा. मी पेंटेकॉस्टल मंडळीत जातो. माझ्या सख्ख्या भावाला मेंदूज्वर झाला होता, डॉक्टरांनी दोन दिवसांची मुदत दिली होती. आमच्या वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या वडिलांनी, याकोब ५:१४ प्रमाणे तेल लावून प्रार्थना केली. भाऊ आज शाळेत शिकवतो. विलाप वाचायला माझी हरकत नाही, पण शास्त्रात बरं करणारा देवही आहे, आणि ते वाचायला आपण लाजू नये. रक्तस्राव असलेल्या स्त्रीने गर्दीतून हात घालून येशूच्या झग्याचा काठ धरला. ती १२ वर्षं दुखण्यात होती. तिने आशा सोडली नाही.

ज्ञाना | सकाळी ९.२०

आशिष, भावाचं ऐकून खरंच आनंद झाला. पण हेच वचन हातात घेऊन माझ्या बहिणीला एका प्रार्थनासभेत सांगितलं गेलं की गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. तिला साखर आहे. चार महिने इन्सुलिन बंद. पायाला जखम झाली, अंगठा काढावा लागला. आणि जखम भरेना तेव्हा तिलाच म्हणाले, तुझा विश्वास कमी पडला. अंगठा गेला त्यापेक्षा त्या वाक्याने ती जास्त खचली. अजूनही उपासनेत मागच्या बाकावर बसते, गुन्हेगारासारखी.

आशिष_प | सकाळी ९.४१

ज्ञानाताई, हे चुकीचं झालं. शंभर टक्के चुकीचं. आमच्या पाळकांनी भावाला आयसीयूतून एक मिनिटही बाहेर काढू दिलं नाही. तेल लावलं ते तिथेच, नर्सची परवानगी घेऊन. औषध बंद करा असं याकोबाच्या पत्रात कुठेही नाही.

काठीवाले_सर | सकाळी १०.३०

नुसतं नाही असं नव्हे, उलट आहे. वचनं एकत्र ठेवून पाहा.

हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. तो भिंतीकडे तोंड करून रडला, देवाने ऐकलं, १५ वर्षं वाढवून दिली. आणि त्याच प्रसंगात यशया संदेष्टा काय सांगतो? अंजिराचं पोटीस करून गळवावर बांधा. प्रार्थना ऐकली गेली होती, तरी पोटीस लागलंच.

प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारींवर पौल उपास सांगत नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणतो. त्रफिमाला तर तो मिलेतात आजारीच सोडून पुढे गेला, तसं सरळ लिहिलंय. ज्याच्या अंगावरचे रुमाल नेऊन लोक बरे होत होते, त्या पौलाचा जवळचा सहकारी आजारी राहिला. त्याचा विश्वास कमी होता असा एक शब्द पौल लिहीत नाही.

आणि पौल स्वतः. शरीरात काटा. तो कसला होता, डोळ्यांचा विकार की आणखी काही, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याने तीनदा विनवणी केली आणि काटा निघाला नाही. उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." पौलाला तीन वेळा मागून मिळालं नाही, तर तुमच्या बहिणीला मागच्या बाकावर बसवण्याचा अधिकार कुणाला आहे? ज्ञानाताई, तिला हे माझ्या वतीने वाचून दाखवा.

वसईचा_डाबरे | सकाळी ११.०५

सर, तीमथ्याच्या द्राक्षारसाचं वचन आमच्या पप्पांना अध्याय-ओवीसकट तोंडपाठ होतं. बाकी बायबल मम्मीच्या भरवशावर :)

आम्ही कॅथलिक, वसईचे. आमच्याकडे आजाऱ्याला तेल लावणं हा संस्कारच आहे, आणि त्याला आधार याकोबाच्या पत्राचाच. पण आजीच्या काळात तो अगदी शेवटी द्यायचे. फादर तेल घेऊन अंगणात आले की बायका रडायलाच लागायच्या, आता संपलं म्हणून. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचा विधी बदलला, गंभीर आजारी असलेल्या कुणालाही तो घेता येतो, मरणाची वाट पाहायची गरज नाही. तरी जुनी भीती जात नाही. मम्मीच्या बायपासच्या आदल्या दिवशी फादरांना बोलावलं तर मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "डॉक्टरने काय सांगितलं ते खरं सांग."

फादरांनी मम्मीच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. ऑपरेशनला नेताना ती स्ट्रेचरवर तळहात मिटून घेऊन गेली. नंतर विचारलं तर म्हणाली, "तेल पुसलं जाऊ नये म्हणून."

निरंजन_७१ | दुपारी १२.४५

मी वारकरी घरातला. परवानगी असेल तर एक शंका विचारतो.

तुकोबांनी १६३० च्या दुष्काळात घरातली माणसं गमावली, पहिली बायको अन्नावाचून गेली. त्यांनी विठ्ठलाशी भांडण मांडलं, अक्षरशः खडसावलं त्याला. आमच्याकडे ते भक्तीच मानलं जातं. तुमच्याकडे देवाशी भांडणं चालतं का? कारण माझ्या ऑफिसातले ख्रिस्ती मित्र नेहमी 'देव चांगला आहे' एवढंच म्हणतात. त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया आहे, दर तीन आठवड्यांनी रक्त चढवतात. मला कधी कधी वाटतं, यांना एकदा ओरडू द्यावं.

काठीवाले_सर | दुपारी १.३०

निरंजनराव, उत्तम प्रश्न. रेव्हरंड टिळक म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले. त्यामुळे तुम्ही परके नाहीच.

चालतं. नुसतं चालतं असं नाही, त्यासाठी शब्द दिलेले आहेत. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत आणि त्यांत विलापाची मोठी संख्या आहे. 'किती वेळ, परमेश्वरा?' 'तू झोपलास का?' अशी भाषा आहे. ईयोबाने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला. यिर्मयानेही दिला. आणि ईयोबाच्या पुस्तकाच्या ४२व्या अध्यायात देव रागावतो तो कुणावर? ज्यांनी देवाची बाजू घेऊन गोड गोड स्पष्टीकरणं दिली त्या मित्रांवर. अलीफजाला सांगतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तसे तुम्ही बोलला नाहीत. ओरडणारा बरोबर ठरला, समजावणारे चुकले.

वधस्तंभावर खुद्द येशूने २२वं स्तोत्र म्हटलं, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" तुमच्या मित्राला ओरडायचं असेल तर यापेक्षा वरचा दाखला नाही.

निरंजन_७१ | दुपारी १.५२

हे मला माहीत नव्हतं. आज त्यांच्याबरोबर चहा घेतो.

मिथिला | दुपारी ३.१०

मी कुठल्याच धर्माची नाही आता, जन्माने ख्रिस्ती. माझी मुलगी सहा वर्षांची असताना ल्युकेमियाने गेली. अंत्यविधीला रोमकरांस ८:२८ वाचलं, सर्व गोष्टी मिळून कल्याणाला कारणीभूत होतात म्हणून. मी उठून बाहेर गेले. आजही ते वचन कानावर पडलं की पोटात गोळा येतो. सॅम, तू विचारलंस कशाने दुखलं, म्हणून लिहिलं. वाद घालायचा नाही.

मिरजेची_सिस्टर | दुपारी ३.२५

मिथिला, मी तुला काहीही वाचून दाखवणार नाही. फक्त वाचलं तुझं, एवढं कळवते.

रूथ_जालना | दुपारी ३.४०

मीही वाचलं, ताई.

काठीवाले_सर | दुपारी ४.१५

मिथिलाताई, मी अनेक अंत्यविधींना तेच वचन वाचलेलं आहे. पाळक म्हणून २६ वर्षं. तुमची पोस्ट वाचून एक एक घर आठवतंय. पौलाने ते लिहिलं तेव्हा तो स्वतःच्या छळाबद्दल, स्वतःच्या दुःखातून बोलत होता. दुसऱ्याच्या लेकराच्या पेटीजवळ उभं राहून ते म्हणणं वेगळं. त्याच अध्यायात दोनच ओव्या आधी लिहिलंय की आपल्याला प्रार्थना कशी करावी ते कळत नाही, आत्माच शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. ती ओवी वाचायला हवी होती. किंवा काहीच नको होतं वाचायला. आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेजवळ येशूने आधी स्पष्टीकरण दिलं नाही, तो रडला.

मला क्षमा करा, मी तिथे नव्हतो तरी.

मिथिला | रात्री ९.३०

धन्यवाद सर.

कॅरल_दुबई | बुधवार, सकाळी ७.५०

दोन दिवस वाचतेय. आता लिहिते.

डॅडी एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात कोविडने गेले. मी इथे, विमानं बंद. वॉर्डात कुणाला सोडत नव्हते. एका वॉर्डबॉयने स्वतःचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून डॅडींच्या कानाजवळ धरला, दिवसातून एकदा, पाच मिनिटं. काय बोलणार पाच मिनिटांत? पहिल्या दिवशी नुसती रडले. दुसऱ्या दिवशीपासून स्तोत्र १२१ म्हणायला लागले. लहानपणी शब्बाथशाळेत पाठांतराला तेच होतं, डॅडींनीच घोकून घेतलं होतं, सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडताना. मी एक ओळ म्हणायची, मग ऑक्सिजनचा आवाज यायचा, मग पुढची ओळ. सहाव्या दिवशी 'तुझे जाणे-येणे' इथे मी अडखळले, शब्दच आठवेना. मास्कच्या आतून डॅडींनी तो शब्द सांगितला. त्यांच्याकडून ऐकलेलं ते शेवटचं.

वाचायला पुस्तक समोर नव्हतं तेव्हा पाठांतर कामाला आलं. माझ्या मुलांना इथे मराठी नीट वाचता येत नाही, पण १२१ मराठीतून पाठ करून घेतलंय.

वसईचा_डाबरे | सकाळी ८.२०

कॅरल, सकाळी ट्रेनमध्ये वाचलं. नायगावला उतरायचं ते बोरिवलीला उतरलो.

स्नेहल_केडगाव | सकाळी १०.४०

थोडं विषयांतर. धाग्यात 'मराठीतून' हा मुद्दा आला म्हणून.

मी दौंड तालुक्यातल्या केडगावची, मुक्ती मिशनच्या शेजारीच वाढले. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, ते १९२४ साली प्रसिद्ध झालं, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी. हे सगळे सांगतात. पण त्या कोणत्या आयुष्यातून हे काम करत होत्या ते सांगत नाहीत. दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण उपासमारीने गेलेली. १८८० मध्ये भाऊ गेला. १८८२ मध्ये पती पटकीने गेले, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. राहिली एक मुलगी, मनोरमा, तीही १९२१ च्या जुलैत गेली. रमाबाईंना ऐकू कमी येत होतं, तब्येत ढासळलेली. एकुलती एक लेक पुरून आल्यावर ती बाई पुन्हा भाषांतराच्या कागदांपाशी बसली आणि एप्रिल १९२२ मध्ये स्वतः गेली. छपाईचं काम मुक्तीतल्याच बायकांनी केलं, दुष्काळातून आणलेल्या, घराबाहेर काढलेल्या.

सॅम, आईंना ८८वं स्तोत्र आवडलं म्हणालास. त्याचं रमाबाईंचं भाषांतर मिळालं तर वाचून बघ. ज्या बाईने ते अंधाराचे शब्द मराठीत आणले तिला त्यांचा अर्थ कोशात शोधावा लागला नसणार.

ज्ञाना | सकाळी ११.१५

आमच्याकडे बायबल सोसायटीचं जुनं. २३व्या स्तोत्रातली मेंढपाळाची 'आकडी व काठी' वगैरे कानात बसलेलं. फादर दिब्रिटोंचं सुबोध बायबल बहिणीला दिलंय, तिला भाषा सोपी पडते.

वसईचा_डाबरे | सकाळी ११.३०

आमचेच दिब्रिटो, नंदाखालचे. २०२४ मध्ये गेले. आजारपण त्यांनीही बरंच काढलं, २०२० मध्ये साहित्य संमेलनाला अध्यक्ष म्हणून उस्मानाबादला गेले तेव्हाही तब्येत बरी नव्हती.

काठीवाले_सर | दुपारी १२.१०

ज्ञानाताईंनी 'आकडी' म्हटलं म्हणून राहवत नाही. मी सांगोल्याकडचा, आमच्या रानात धनगरांचे वाडे बसायचे. माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. मेंढपाळ काठी मेंढराला मारायला वापरत नाही. संध्याकाळी वाड्यात घेताना एकेकाच्या पाठीवर काठी टेकवून मोजतो, अंधारात लोकरीतून चाचपून जखम बघतो. मेंढराला ती काठी ओळखीची असते.

आता २३वं स्तोत्र पुन्हा बघा. पहिल्या तीन ओव्यांत 'तो' आहे. तो मला बसवतो, तो मला नेतो. मृत्युच्छायेच्या दरीत शिरल्यावर एकदम 'तू' होतं. 'तू माझ्याबरोबर आहेस.' कुरणात असताना दावीद देवाविषयी बोलतो, दरीत आल्यावर देवाशी बोलतो. दरी टळत नाही, त्यात उजेडही पडत नाही. फक्त काठी लागते पाठीला.

सॅम, आईंना हिरवं कुरण दिसत नसेल तर चौथ्या ओवीपासून सुरू करा. पहिल्या तीन नंतर कधीतरी.

आशिष_प | दुपारी १२.५०

सर, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तो आणि तू.

ज्ञानाताई, एक विचारू? रविवारी मी आणि बायको तुमच्या बहिणीला भेटायला आलो तर चालेल का? उपदेश करायला नाही. आम्ही पेंटेकॉस्टल आहोत म्हणूनच यावंसं वाटतंय. आमच्यासारख्याच कुणाच्या तरी तोंडून तिने ते वाक्य ऐकलं, तर माफी आमच्यापैकी कुणीतरी मागायला हवी.

ज्ञाना | दुपारी १.०५

या. तिला विचारून पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.

रूथ_जालना | दुपारी २.३०

भेटायला जाणाऱ्यांसाठी माझ्याकडून. मत्तय २५ मध्ये "मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझ्या समाचारास आलात" असं आहे. मला बरं केलंत असं नाही म्हणत. समाचाराला आलात, एवढंच. सासूबाई अंथरुणावर होत्या ते दीड वर्ष आमच्या मंडळीतली एक बाई दर गुरुवारी यायची, पिठलं-भाकरी घेऊन, आणि माझ्याकडचे धुणं-भांडी उरकून जायची. प्रार्थना निघताना, दाराशी उभ्याने, एका मिनिटाची. 'एकमेकांची ओझी वाहा' या वचनाची आठवण आली की मला ती बाई नळाखाली कढई घासताना दिसते.

याउलट एक भाऊ इतकी लांब प्रार्थना करायचे की चहावर साय धरायची. एकदा सासूबाईंनी त्यांच्या श्वास घेण्याची वेळ बरोबर साधून मोठ्याने 'आमेन' म्हटलं. घरात त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी हसू आलं.

मिरजेची_सिस्टर | दुपारी ४.००

रूथ, त्या सासूबाई मला भेटायला हव्या होत्या.

निरंजन_७१ | गुरुवार, सकाळी ९.१०

कळवायचं राहिलं. मित्राबरोबर चहा घेतला. २२व्या स्तोत्राबद्दल तुमच्याकडून ऐकलेलं सांगितलं. तो बराच वेळ कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मुलगा विचारतो, पप्पा, देव माझं रक्त का बनवत नाही? मी दर वेळी विषय बदलतो." मी म्हटलं, तुमच्या गुरुजींनी जन्मांधाविषयी काय सांगितलंय ते मला माहीत नाही, पण मुलाला म्हण की मलाही कळत नाही. पुढच्या वेळी रक्त चढवायला मी पण जाणार आहे, मुलाला बुद्धिबळ आवडतं.

काठीवाले_सर | सकाळी ९.३५

जन्मांधाविषयी तेच सांगितलंय, निरंजनराव. शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, आईबापांचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं गेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती का, यालाही 'नाही' म्हणाला. त्या मुलाला एवढं नक्की सांगा, की हे तुझ्या चुकीमुळे झालेलं नाही. लहान मुलं मनातल्या मनात तेच धरून बसतात.

नगरकर_सॅम | रविवार, रात्री १०.२०

सगळ्यांचं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं, जवळजवळ सगळं. मिथिलाताई, तुमचं वाचल्यावर आईने मला थांबवलं आणि थोडा वेळ आम्ही पुढे गेलो नाही. कॅरलताई, १२१ आता आमच्याकडे रोज आहे, आई एक ओळ म्हणते, मी एक.

सर, चौथ्या ओवीपासून सुरू केलं. 'तू' आल्यावर आईने मान हलवली. काल स्वतःच म्हणाली, आज पहिल्यापासून वाच.

आता मूळ प्रश्नाचं. परवा पान शोधताना आमच्या जुन्या शास्त्रात, हबक्कूकाच्या शेवटच्या पानावर, समासात निळ्या शाईने आजोबांच्या अक्षरात काहीतरी दिसलं. आजोबा नेवासे तालुक्यातल्या गावात मिशनच्या शाळेत मास्तर होते. तिसऱ्या अध्यायात आहे ना, अंजिराला फूल नाही, द्राक्षीला फळ नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी हर्ष करीन. 'गोठ्यात गुरं नाहीत' या शब्दांखाली रेघ आणि समासात फक्त 'डिसेंबर १९७२'. बाकी काही नाही.

आईला दाखवलं. पानाजवळ भिंग धरून तिने बराच वेळ पाहिलं. म्हणाली, ज्या दिवशी बैलजोडी कसायाच्या दलालाला दिली तो दिवस. विहिरीला तळ दिसत होता, कडबा संपला होता. आई तेव्हा सतरा वर्षांची, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन. आजोबांनी बैल हातातून सोडले, घरात आले, कुणाशी बोलले नाहीत, कंदील लावून शास्त्र उघडलं. आजीने विचारलं, जेवता का, तर नाही म्हणाले. एवढंच तिला आठवतं. "हर्ष वगैरे काही नव्हता रे त्यांच्या तोंडावर," म्हणाली. "पण त्यांनी पुढच्या ओवीवर काट मारली नाही."

मग मला पेन आणायला सांगितलं. तिचा हात सुन्न पडतो केमोमुळे, बोटांत पेन धरवत नाही. म्हणून मीच लिहिलं, आजोबांच्या तारखेखाली, उद्याची तारीख. चौथी केमो.

सकाळी साडेसातला नंबर लावायचा आहे. सिस्टर, प्लास्टिकचा चमचा आणि लिंबू पिशवीत ठेवलंय.

मिरजेची_सिस्टर | रविवार, रात्री १०.३१

हातमोजे पण ठेव, ए.सी.त बोटं गार पडतात. मी उद्या दिवसपाळीला आहे, साडेसातला आठवण ठेवते.